अपस्मार आणि रात्रीचा मृत्यु
चरकसंहितेंत अपस्माराचें स्वतंत्र विवेचन आहे. तरी ओरोसपासून मुंबईपर्यंत फेफरें आलेल्याच्या नाकाशीं कांदा किंवा पायताण धरणारे हात थांबले नाहींत. कायदाहि शहाणा नव्हता. १९७६ सालीं हिंदु विवाह कायद्यांत अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरले. १९९९ सालीं तो शब्द गळला. लग्न मोडूं नये म्हणून दुखणें लपवायचें, आणि लपवायचें म्हणून औषध चुकवायचें! मग झटके अनावर होतात. रात्रीं झोपेंत मोठा झटका येतो. तो ओसरल्यावर श्वास मंदावतो, मग हृदय थांबतें. सकाळीं देह पुष्कळदां पालथा सांपडतो. अपस्मार असलेल्या प्रौढांत हजारीं सुमारें एक जण दरवर्षीं असा दगावतो. खोलींत दुसरें माणूस निजलेलें असल्यास हा धोका कमी आढळतो.