नागोयाहून हळदीच्या मांडवात

तुळशीचं लग्न लागलं की शहापूर-मुरबाडकडे बेंजोपार्ट्यांच्या तारखा भरू लागतात. हळद ही इथे लग्नाइतकीच मोठी, आगऱ्या-कुणब्यांच्या कित्येक घरांत तर लग्नाहूनही मोठी. दाट तिथी असली की चांगली पार्टी मिळणं मुश्किल होतं, म्हणून मुलीकडच्यांशी बोलणी पक्की झाली की नवरदेवाचे मित्र आधी सुपारी द्यायला धावतात.

पार्टी म्हणजे गावातलीच दहा-बारा पोरं. कुणी मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला, कुणी रिक्षा चालवणारा, कुणी कसारा लोकलने रोज कल्याण-ठाणं गाठणारा, कुणी भाताच्या शेतीत. वाद्यं वर्गणी काढून घेतलेली, बॅनरवर पार्टीचं नाव, बिदागी ठरवायची ती आपसात. एखादा रॉक बँड कुठल्या कंपनीच्या आधाराशिवाय नवा अल्बम काढतो, तेव्हा त्याला स्वतंत्र बँड म्हणतात. त्या अर्थाने आपल्याकडचे स्वतंत्र बँड या दोन तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर कधीपासून आहेत. त्यांचं मुख्य वाद्य कुठून आलं, हे सांगायला हवं, कारण ते फार लांबून आलेलं आहे.

1912 साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने एक नवं तंतुवाद्य बनवलं. जपानात दोन तारांचं एक जुनं वाद्य होतं. त्या तारांवर त्याने टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. त्याच वर्षी तिथे ताइशो सम्राटाची कारकीर्द सुरू झाली होती, म्हणून वाद्य ‘ताइशोगोतो’ झालं. मोरिताची युक्ती साधी आणि मोठी होती. सतार किंवा व्हायोलिन शिकणाऱ्याची पहिली काही वर्षं सुराची नेमकी जागा बोटाला सापडण्यात जातात. इथे कळ दाबली की तीच तारेला योग्य पडद्यावर दाबते. डावा हात कळांवर, उजव्या हातात नखी. सूर चुकण्याची भीती जवळजवळ संपली आणि वाद्य स्वस्तही राहिलं. ज्याला गुरू परवडत नाही, त्याच्यासाठी बनलेलं हे वाद्य आहे असं मला वाटतं.

जपानी मालाबरोबर ते दक्षिण आशियात पसरलं. बलुचिस्तानात ते आकाराने वाढलं, ‘बेंजू’ झालं आणि तिथल्या मैफलीचं वाद्य बनलं. भारतात ते बुलबुलतरंग या नावाने घरोघरी गेलं आणि कव्वालीच्या पार्ट्यांमध्ये बसलं. आपल्याकडच्या मिरवणुकीत त्याला बेंजो म्हणतात. अमेरिकेतला बँजो मात्र निराळा: तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी घडवलेला, कातडं मढवलेला. दोघांचं कूळ एक नाही, फक्त नाव एक पडलं.

हे घरात मांडीजवळ ठेवून वाजवायचं वाद्य ढोल-ताशांच्या गदारोळात टिकलं कसं, हा या कुळकथेतला सगळ्यात सुंदर भाग आहे. मुळात बेंजोचा आवाज बारीक. पण तो धातूचा, टोकदार आहे आणि ढोलाच्या घुमाऱ्यात मिसळून जात नाही. त्याला पिकअप बसवला, अॅम्प्लिफायर जोडला आणि वर भोंगे लावले. भोंग्यातून खालचे, जाड सूर नीट येत नाहीत, मधले आणि वरचे सूर मात्र लांबवर जातात. बेंजोला नेमकं तेच हवं होतं, खालची बाजू ढोल सांभाळतो. आवाज वाढवत नेला की अॅम्प्लिफायर सुराला फाडतो आणि त्याला एक खरखरीत धार येते. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी याच फाटलेल्या सुरावर रॉक संगीत उभं केलं. आपल्या मास्तरांनी, म्हणजे पार्टीतल्या बेंजोवादकांनी, तो सूर हळदीच्या अंगणात काढला.

आणखी एक गोष्ट वादकाच्या हाताची. छेडलेली तार लगेच विझते, सूर लांबवता येत नाही. मग मास्तर नखी एकाच सुरावर इतक्या वेगाने थरथरवतो की सूर तुटतच नाही. गाण्यातली गायकाची लांबलेली ओळ बेंजोवर अशी थरथरत येते. नाचणारे त्या थरथरीवरच हात वर करतात. कळेच्या वाद्यावर गळ्यातली मींड पुरती निघत नाही, ही त्याची मर्यादा. पण त्या मर्यादेतून जो स्वभाव तयार झाला, तो दुसऱ्या कुठल्या वाद्याला नाही.

रॉकशी त्याचं नातं नुसतं आवाजापुरतं नाही. 1971 च्या डिसेंबरात जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये ‘नॉय!’ या दोघांच्या बँडने पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला, 1972 मध्ये तो आला. त्यात ड्रम्सबरोबर क्लाउस डिंगरने जे वाद्य वाजवलं, त्याची नोंद ‘जपानी बँजो’ अशी आहे. म्हणजे हेच. युरोपात आज त्या अल्बमचा अभ्यास होतो. त्याच घराण्याचं वाद्य मुरबाडकडच्या म्हसाच्या जत्रेच्या वाटेवरच्या एखाद्या गावात गळ्यात पट्टा अडकवून वाजवलं जातं, त्याच्याकडे मात्र ‘गोंगाट’ म्हणून पाहिलं जातं. मला हे पटत नाही.

बेंजो आला तेव्हा इथली अंगणं मुकी नव्हती. लग्नाचे विधी गाण्यांतून लावणाऱ्या धवलारिणी होत्या, आदिवासी पाड्यांवर दुधी भोपळ्याचा तारपा होता, सनई होती, पुढे पितळी वाद्यांचे बँड आले. बेंजोने या सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं. धवलारीण हळद लावताना गाते तेव्हा पार्टी गप्प असते. तिचं संपलं की पहिला सूर पडतो. नंतर 1980 च्या दशकात कॅसेटचा सुळसुळाट झाला आणि कोळीगीतं, भीमगीतं, लोकगीतं स्वस्तात घरी पोचली. कॅसेट ऐकून गाणं बेंजोवर उतरवायचं, हीच पोरांची तालीम. स्वरलिपी नाही, वही नाही. त्याच दशकात आलेला ऑक्टोपॅड ताशाशेजारी उभा राहिला, पाठोपाठ कीबोर्डही आला.

आता झगडा डीजेशी आहे. डीजेला दोन माणसं पुरतात, पार्टीला दहा-बारा पोटं असतात. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम दोघांनाही सारखाच. पण हळद चढते ती दहाच्या सुमारासच, त्यामुळे सुपारीची वेळ आक्रसली आहे. काही पार्ट्या मोडल्या. काहींनी मात्र वेगळी वाट धरली: जवळच्या शहरातल्या छोट्या स्टुडिओत जाऊन स्वतःचं गाणं करायचं, आपल्या बोलीत, आपल्या गायकाच्या आवाजात, आणि लगीनसराईच्या तोंडावर यूट्यूबवर टाकायचं. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या पार्टीचं स्वतःचं गाणं पुढच्या हळदीला दुसरीच पार्टी वाजवते, तेव्हा ते खरं प्रसिद्ध झालं.

या नव्या गाण्यांवर गायकाचं नाव असतं, गीतकाराचं असतं, पार्टीचं तर मोठ्या अक्षरांत असतं. बेंजो कुणी वाजवला ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. डिंगरच्या नावापुढे ‘जपानी बँजो’ हे शब्द 1972 सालीच छापले गेले. आपल्या मास्तरांच्या नावापुढे ‘बेंजो’ हा एक शब्द पुढच्या गाण्यापासून लिहिला जावा. त्याला पैसे पडत नाहीत.