उखडण्यासाठीच घातलेले रूळ

आमच्या मागच्या खोलीत चार फूट बाय दोन फुटांची एक फळी गेले आठ महिने टेबल अडवून बसली आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "ही माथेरानची गाडी का हो?" तर मंडळी, नाही. ही अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली, कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या जंगलातून ओंडके वाहून आणणारी गाडी आहे. काळ साधारण १९१३. मग दुसरा प्रश्न येतो, "जंगल म्हणता, तर झाडं कुठायत?" हा प्रश्न मात्र नेमका आहे. त्याचं उत्तर चहा संपायच्या आत देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मापाचं बोलू. माझं मॉडेल एचओ स्केलचं आहे, म्हणजे खऱ्याच्या एक सत्त्याऐंशांश. पावणेसहा फुटांचा माणूस इथे दोन सेंटिमीटरचा होतो. आता तिथली झाडं घ्या. डग्लस फरचं जुनं झाड सत्तर मीटर सहज असायचं. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर ऐंशी सेंटिमीटर! माझ्या फळीच्या रुंदीपेक्षा झाड उंच. बाजारात मिळणारी मॉडेलची झाडं वीतभराची असतात. ती लावली तर हा सगळा उद्योग कुणीतरी बागेतली झुडपं तोडायला मांडल्यासारखा दिसतो. त्या लोकांनी रूळ का घातले, हे कळायला झाडाचं खरं माप डोळ्यांपुढे असावं लागतं.

कारण झाड पाडणं हा अर्धाच प्रश्न होता. दोन मीटर व्यासाचा, कित्येक टनांचा ओंडका चिखलाच्या डोंगरातून हलवायचा कसा? सुरुवातीला बैल होते. वाटेवर आडव्या बल्ल्या अंतराअंतराने पुरायच्या, त्यांना चरबी किंवा माशाचं तेल फासायचं आणि बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपून ओंडके त्यावरून घसरत न्यायचे. नदीपासून मैल-दोन मैलांपलीकडे हे परवडेना. १८८१च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या युरेका गावच्या जॉन डॉल्बियरने उभा बॉयलर, छोटं इंजिन आणि दोर गुंडाळणारा रहाट असं एक यंत्र जुळवलं. त्याला 'स्टीम डाँकी' म्हणत. पुढे साध्या दोराच्या जागी पोलादी दोर आला. जाड लाकडांच्या घसरगाडीवर बसवलेली ही डाँकी आपलाच दोर लांबच्या झाडाला बांधून स्वतःला ओढत डोंगर चढायची. बैल गेले. दोर मात्र फार तर काहीशे मीटर पुरणार. तिथून पुढे गाडी हवी.

नेहमीचं इंजिन या कामाला कुचकामी. त्याची मोठी चाकं एका ताठ चौकटीत बसवलेली, त्यामुळे तीव्र वळणावर ते रुळांवरून उतरतं, आणि ओढणारी चाकं थोडीच असल्याने खड्या चढावर जागच्या जागी फिरतं. मिशिगनमध्ये स्वतःची सॉ मिल असलेल्या एफ्रेम शे नावाच्या माणसाने यावर तोड काढली. त्याने सिलिंडर इंजिनाच्या उजव्या अंगाला उभे बसवले. त्यांच्याने फिरणारा एक लांब दांडा चाकांच्या कडेने पुढपासून मागपर्यंत नेला, आणि त्याला सांधे ठेवून बेव्हल गिअरने प्रत्येक आसाला गती दिली. म्हणजे इंजिनाचं सगळं वजन ओढण्याच्या कामी आलं आणि सांध्यांमुळे ते वळणावर वाकायलाही लागलं. उजवीकडच्या सिलिंडरांचा भार तोलायला बॉयलर चक्क डावीकडे सरकवलेला! समोरून पाहिलं तर इंजिन तिरकं वाटतं. ओहायोतल्या लिमा गावच्या कारखान्याने १८८० साली पहिलं शे इंजिन बाहेर काढलं, १८८१ मध्ये शेला पेटंट मिळालं आणि १९४५ पर्यंत अशी सुमारे पावणेतीन हजार इंजिनं बनली. वेग मात्र विचारू नका. ताशी वीस किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. माझं इंजिन बाखमन कंपनीचं आहे. ते फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत आमच्या नातवंडांचा धीर सुटतो.

रूळ घालायला लागल्यावर मला या रेल्वेचं खरं वेगळेपण उमगलं. एरवी रेल्वे म्हणजे कायमची गोष्ट. पण जंगलातले फाटे घातले जायचे ते उखडण्यासाठीच. एका दरीत रूळ शिरायचे, डाँकी आसपासचा उतार साफ करायची, एक-दोन हंगामांत लाकूड संपायचं, की तेच रूळ उचलून शेजारच्या दरीत. त्यामुळे खडी नावापुरती आणि स्लीपर ओबडधोबड. दऱ्यांवरचे उंच लाकडी पूल, ज्यांना ट्रेसल म्हणतात, तेही तिथल्याच लाकडाचे. रूळ गेले की पूल जागेवर कुजायला मोकळे. चांगलं मॉडेल बनवायचं तर रूळ सरळ बसवून चालत नाही. मी आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून स्लीपर केले, पातळ केलेल्या काळ्या शाईत बुडवले आणि मुद्दाम वेडेवाकडे मांडले. ट्रेसलच्या खांबांना तीच शाई, त्यावर खडूची तांबूस पूड. अर्ध फेव्हिकॉल, अर्ध पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडलं की चाळलेली माती रात्रीत धरते. वाळवलेला चहाचा चोथा जंगलातला पालापाचोळा म्हणून इतका शोभतो की हल्ली आमच्याकडे चोथा टाकायचा झाला तर आधी मला विचारतात.

आता झाडांकडे वळतो. माझ्या फळीवर उभी झाडं तीनच आहेत, तीही मागच्या कडेला, आणि त्यांचे शेंडे चौकटीबाहेर गेलेले आहेत. बाकी सगळे खुंट. मोजून एकशे चाळीस. पेरूच्या आणि बोगनवेलीच्या वाळक्या फांद्या कापून केलेले. प्रत्येक खुंट जवळजवळ तीन सेंटिमीटर उंच ठेवलाय, म्हणजे खऱ्या मापात अडीच मीटर. इतकं लाकूड वाया का घालवायचे? तर या झाडांचा तळ घंटेसारखा पसरलेला, रेषा पिळलेल्या आणि आत राळ भरलेली; करवत अडकायची. म्हणून बुंध्यात वीतभर खोल खाचा पाडून त्यांत लोखंडी टोकाच्या फळ्या खोचायच्या आणि दोघांनी जमिनीपासून उंच, त्या हलत्या फळ्यांवर उभं राहून दोन मुठींची लांब करवत ओढायची. पातं चिकटू नये म्हणून रॉकेलची बाटली जवळ टांगलेली. झाड पडलं की खुंट मागे राहायचा, त्या दोन खाचा डोळ्यांसारख्या उघड्या टाकून. ऑरेगन-वॉशिंग्टनच्या पुन्हा वाढलेल्या जंगलांत असे डोळे असलेले जुने खुंट आजही दिसतात. एकशे चाळीस खुंटांना दोन-दोन खाचा म्हणजे दोनशे ऐंशी. अंगठ्याला घट्टे पडले, पण त्या खाचांशिवाय खुंट म्हणजे नुसतं लाकडाचं तुकडं.

खुंटांमधली जागाही रिकामी नव्हती. फांद्या, शेंडे, फुटकी लाकडं तिथेच पडून वाळायची. उन्हाळ्यात त्यावर एक ठिणगी पुरे. म्हणून इंजिनांच्या धुराड्यांवर ठिणग्या अडवायची जाळी असे. तरी व्हायचं ते झालंच. १४ ऑगस्ट १९३३ रोजी ऑरेगनमध्ये गेल्स क्रीकच्या खोऱ्यात तोडीच्या जागेवर आग लागली आणि त्या वणव्यात सुमारे २,४०,००० एकर जंगल गेलं. त्याच टापूत १९३९, १९४५ आणि १९५१ मध्ये, दर सहा वर्षांनी, पुन्हा वणवे लागले. चारही मिळून साडेतीन लाख एकर. पुढे १९४९ पासून तिथे हातांनी रोपं लावली, ७ कोटी २० लाख. शाळेतली पोरंसुद्धा जाऊन लावत. आज तिथे टिलामूकचं सरकारी जंगल उभं आहे. माझ्या मॉडेलचा काळ या आगीच्या वीस वर्षं आधीचा, पण सरपण तेव्हापासूनच रचलं जात होतं.

मॉडेलवाल्यांच्या भाषेत 'सिलेक्टिव्ह कॉम्प्रेशन' असा एक शब्द आहे. खरा मुलूख फळीवर मावत नाही, म्हणून काय ठेवायचं, काय आखडायचं आणि काय गाळायचं ते ठरवावं लागतं. माझ्या चार फुटांत खरे शंभर-सव्वाशे मीटर बसतात, आणि मला तर जंगल, पूल, तळं आणि सॉ मिल सगळंच हवं. इतिहास लिहिणारा दुसरं काय करतो? तोही गाळतोच. गाळलेलं दिसत नाही एवढीच त्याची सोय.

या छंदात सर्वांत सहज गाळली जातात ती माणसं. मॉडेलच्या कॅटलॉगमध्ये लाकूडतोडे मिळतात: चौकड्यांचा शर्ट, पँटला पट्टे, खांद्यावर कुऱ्हाड, सगळे गोरे. १९१३ साली कोलंबियाच्या काठच्या सॉ मिलमध्ये डोकावलं असतं तर फिनलंड-स्वीडनचे लोक दिसले असतेच, पण पागोटी घातलेले पंजाबीही दिसले असते. जंगलातला ओंडका नदीत पडायचा, तरंगत मिलच्या तळ्यात यायचा आणि तिथून फळी होऊन बाहेर पडताना तो उचलायला यांचे हात असायचे. काम जड, मजुरी कमी. त्यातही सुख नव्हतं. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी शेकडो गोऱ्यांच्या जमावाने या कामगारांच्या वस्तीत घुसून त्यांना मारहाण करत हुसकलं. थोड्याच दिवसांत गावात एकही हिंदी माणूस उरला नाही.

आस्टोरिया गावात मात्र ते टिकले. तिथल्या हॅमंड मिलच्या आसऱ्याने त्यांची वस्तीच होती. १९१३ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिथल्या फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात हे मिल कामगार जमले आणि त्यातून गदर पक्ष उभा राहिला. पहिले अध्यक्ष सोहनसिंग भाकना स्वतः पोर्टलंडजवळच्या सॉ मिलमध्ये राबत होते. आणि आपली माणसं? वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे ऑरेगनमध्येच शेतीशास्त्र शिकत होते आणि या चळवळीच्या पायाभरणीत होते. पुढे ते मेक्सिकोत नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ झाले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे शिकायला म्हणून अमेरिकेत गेले, गदरमध्ये आले, हिंदुस्थानात परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभांबरोबर फासावर गेले. शाळेच्या पुस्तकात आपण गदरचं नाव एका ओळीत वाचून पुढे जातो. त्या ओळीमागे लाकडाच्या भुशाचा वास आहे, हे मला ही फळी करताना कळलं.

एका मॉडेलवाल्या मित्राचं म्हणणं असं, "अरे, छंद आहे, आनंदासाठी करतोस. खुंट, पागोटी, दंगे, फाशी, कशाला हवंय?" त्याचं अगदीच खोटं नाही. मीही शे इंजिनाच्या प्रेमात पडूनच यात शिरलो, आणि त्याचा दांडा फिरताना पाहिला की अजूनही हरखतो. पण ज्याने जंगल संपलं तेच यंत्र सुंदर होतं, हे दोन्ही एकाच फळीवर दिसलं पाहिजे. खुंट झाकले तर इंजिन नुसतं खेळणं होतं, आणि माणसं बदलली तर तेवढा इतिहासच खोटा होतो. दंगा मी दाखवणार नाही. दोन सेंटिमीटरच्या माणसांकडून तो नाटकी वाटेल. मला कामाचा एक साधा दिवस हवा आहे.

तर सध्या एवढंच चाललंय. कॅटलॉगमधल्या सहा लाकूडतोड्यांच्या टोप्या कानशीने घासून काढल्या आहेत. टिश्यू पेपरच्या दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून, चिमट्याने त्यांच्या डोक्याभोवती गुंडाळतोय. एका पागोट्याला पाऊण तास जातो. चार झाली आहेत, दोन राहिलीत. ती वाळली की सहाही जण मिलच्या दाराशी, फळ्यांच्या थप्पीपाशी उभे राहतील.