पुण्याची फातिमा

आपल्याकडे घरोघरी एखादी फातिमा असतेच. कुठे ती फातमा होते, कुठे फातमाबी. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्या कन्येचे नाव म्हणून आपण ते श्रद्धेने ठेवतो, अर्थ मात्र सहसा कोणी विचारत नाही.

अरबीत 'फ-त-म' या धातूचा अर्थ मुलाचे अंगावरचे दूध तोडणे. फातिमा म्हणजे दूध तोडणारी. हे नाव इस्लामपूर्व अरबांतही होते. पैगंबरांच्या आजी फातिमा बिन्त अम्र, हजरत अलींच्या आई फातिमा बिन्त असद. हजरत उमर यांच्या बहिणीचे नाव फातिमा बिन्त खत्ताब. तिच्या घरी कुरआनचे वाचन चालले असता उमर संतापून तेथे गेले, आणि तेच वाचून त्यांचे मन पालटले, असे चरित्रग्रंथ सांगतात. या प्रत्येकीच्या नावापुढे 'बिन्त' आणि वडिलांचे नाव आहे. म्हणून चौदाशे वर्षांनंतरही कोण फातिमा, हे सांगता येते.

पुण्याच्या फातिमाचे तसे झाले नाही. सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपण नसल्यामुळे फातिमाला किती कष्ट पडत असतील, अशी काळजी त्यांनी व्यक्त केली. ती तक्रार करणार नाही, असा विश्वासही दाखवला. पत्रात एवढेच आहे. ना वडिलांचे नाव, ना आडनाव. गंजपेठेत फुले दांपत्याला आसरा देणाऱ्या उस्मान शेख यांची ती बहीण, ही ओळख परंपरेने दिली; ९ जानेवारी ही जन्मतारीखही पत्रातली नव्हे.

याच उणिवेवर जानेवारी २०२५ मध्ये बोट ठेवले गेले. फातिमा शेख ही आपणच रचलेली व्यक्तिरेखा, असे एका लेखकाने जाहीर केले. त्याला उत्तर म्हणून अनेकांनी हेच पत्र पुढे केले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया'त ते १९८८ सालीच छापले गेले होते. म्हणजे आपल्या फातिमाची साक्ष तिच्या मैत्रिणीने ठेवली. आपल्या घरांतून एक कागद निघाला नाही.

आपण जयंत्या जरूर साजऱ्या कराव्यात. पण घरातली जुनी ट्रंकही एकदा उघडावी. निकाहनामे, शाळेचे दाखले, आजीची पत्रे वाळवीच्या आधी आपल्या हाती लागावीत. आज आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी फातिमा शाळांत शिकवतात. निदान त्यांचे नाव तरी आईवडिलांच्या नावांसह आपण कुठे लिहून ठेवले आहे का?