जत्रेचा फड आणि पैलवानाची मेहनत

भाताची झोडणी उरकून कणग्या भरल्या, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जत्रांचे दिवस लागतात. पौष पौर्णिमेची म्हसा येथील खांबलिंगेश्वराची यात्रा ही त्यांतली सर्वांत गाजलेली. गुरांच्या आणि घोंगड्यांच्या बाजारासाठी ती कोकणात आणि घाटावर सारखीच ओळखली जाते. तिथून वैशाखापर्यंत गावोगावच्या देवांचे उत्सव चालू राहतात आणि पालखी, बाजार, तमाशा यांच्या जोडीने अनेक गावांत कुस्त्यांचा फड पडतो. एकदा मृगाचा पाऊस सुरू झाला, की पटांगणात पाणी साचते आणि पुढचे चार महिने उघड्यावरच्या कुस्तीचे नाव निघत नाही. या भागातल्या पैलवानाचे वर्ष असे भातशेतीने आखून दिलेले आहे: पावसाळ्यात अंग कमवायचे आणि उन्हाळ्यात ते फडात लावायचे.

कुस्ती हा महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या पोटापाण्याच्या खेळांपैकी एक. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोदाला वेगळी जागा आहे. वय आणि कुवत पाहून मल्लांचे वर्ग कसे करावेत, त्यांना खायला काय द्यावे, कोणता व्यायाम करून घ्यावा, हे सगळे तिथे आले आहे. खांबावर करायच्या मेहनतीला तिथे ‘स्तंभश्रम’ म्हटले आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही मल्ल हा राजाच्या खर्चाने पोसलेला, कसून तयार केलेला आणि लोकांसमोर लढवलेला खेळाडू होता. नुसता अंगाने धिप्पाड असलेला कोणीही माणूस मल्ल म्हणून चालत नव्हता.

सतराव्या शतकात या मेहनतीला दैवत मिळाले. समर्थ रामदासांनी कृष्णा-कोयनेच्या परिसरात स्थापन केलेले अकरा मारुती प्रसिद्ध आहेत. त्यांत शहापूरचा मारुतीही आहे, पण ते शहापूर कराडजवळचे, ठाणे जिल्ह्यातले नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे हा घोटाळा अधूनमधून होतो. मारुती आणि तालीम यांची सांगड पुढे इतकी पक्की झाली, की ज्या गावात देवळाला कळस नव्हता तिथेही तालमीच्या कोनाड्यात शेंदूर फासलेला बजरंगबली असे.

श्रद्धा आणि तयारी यांचे नाते सांगणारी सर्वांत बोलकी कथा उत्तर पेशवाईतली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल आले आणि त्यांनी लढतीचे आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणाने ते स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिले. तिथे झाडांवर चढणाऱ्या, फांद्यांना आढी घालणाऱ्या वानरांच्या रूपाने मारुतीने त्यांना मार्ग दाखवला, खांबावरच्या पकडी शिकवल्या आणि परतल्यावर त्यांनी लढत जिंकली, असे सांगतात. मल्लखांबाची आजची परंपरा इथूनच धरली जाते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. मारुतीने दादांना आयते बळ दिले नाही. दिली ती व्यायामाची नवी पद्धत, आणि ती घोटायला लागणारा वेळ त्यांनी आव्हान स्वीकारतानाच मागून घेतला होता. नुसत्या नवसावर जिंकलेल्या पैलवानाची कथा महाराष्ट्रात फारशी कोणी सांगत नाही.

पैलवानकीला मोठा आश्रय मिळाला तो कोल्हापुरात. 1894 ते 1922 या काळात राज्य करणाऱ्या शाहू महाराजांनी पेठापेठांतल्या तालमींना बळ दिले, बाहेरून मल्ल आणून ठेवले, त्यांचा खुराक दरबारातून पुरवला आणि खासबागेचे मैदान बांधून घेतले. 1912 मध्ये खुल्या झालेल्या या मैदानात हौद्याभोवती जमीन उतरती ठेवली आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ टेकलेली दिसते. शहापूर-मुरबाडच्या वाट्याला असे काही आले नाही. 1818 नंतर हा मुलूख थेट इंग्रजी अमलाखाली गेला. इथे संस्थानिक नव्हता, पैलवान पोसणारा दरबार नव्हता, कोल्हापूर-सांगलीसारखा दुधाचा सुकाळही नव्हता. भात, नाचणी, वरी आणि मोलमजुरी यांवर चालणाऱ्या घरात रोजचे दूध-तूप-बदाम परवडत नव्हते. इथली कुस्ती जगली ती गावकीच्या वर्गणीवर आणि जत्रेच्या इनामावर. म्हणूनच ती कमी गाजली. मात्र राजाश्रय संपल्यावर मोठमोठ्या तालमींची जी आबाळ झाली तिची झळही तिला कमी बसली.

डोंगरातली पोरे मुळातच दणकट, त्यांना शिकवायचे काय, असे शहरात सहज बोलले जाते. तालमीतला दिवस जवळून पाहिला की हे बोलणे टिकत नाही. पहाटे चार-साडेचारला उठून धावणे, मग फावड्याने हौदा उकरणे. हौद्यातली लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरवलेला असतो. अंग खरचटले तर चिघळू नये आणि माती भुसभुशीत राहावी, हा त्यामागचा हेतू. ती उकरणे हीसुद्धा मेहनतच असते, खांदे आणि कंबर तिथेच तापतात. त्यानंतर जोर आणि बैठका. त्या शेकड्यांनी मोजतात आणि नावाजलेल्या मल्लांच्या बाबतीत हजारांनी. मग वस्तादाच्या नजरेखाली लढती: मोठ्या पठ्ठ्याशी भिडून मार खायचा, बरोबरीच्याशी घासायचे, लहानाला शिकवायचे. ढाक, घिस्सा, एकलंगी, कलाजंग, मोळी हे डाव सांगून येत नाहीत. एकच डाव महिनोन् महिने घोटला की समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे हाताला आधी कळते. मालिश, थंडाई, जेवण, दुपारची झोप आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

या दिनक्रमात श्रद्धा कुठे बसते हे पाहण्यासारखे आहे. हौद्यात चप्पल जात नाही, उतरण्याआधी माती कपाळाला लावतात, मेहनतीच्या आधी मारुतीला हात जोडतात, शनिवारी नारळ फोडतात. लंगोटाचा पक्का, म्हणजे ब्रह्मचर्य पाळणारा, ही पैलवानाची पहिली अट मानली जाई. यांतला प्रत्येक नियम पैलवानाला रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी आणून उभा करतो. जागरण, व्यसन आणि चुकार दिवस यांना जागा ठेवत नाही. कंटाळा आला म्हणून वस्तादाला चुकवता येईल, मारुतीला कसे चुकवणार? ही श्रद्धा एकाच धर्माची होती असेही नाही. हिंदू-मुसलमान मल्ल एकाच हौद्यात घुमत आणि कोल्हापूरची बाबूजमाल तालीम तर दर्ग्याच्या आश्रयाने उभी आहे. या श्रद्धेची एक बाजू मात्र सोसण्याजोगी नव्हती: ब्रह्मचर्याच्या नावाखाली बायकामुलींना तालमीचा उंबरा बंद राहिला.

आत्मविश्वासाची परीक्षा फडात होते, तीही कुस्तीला सुरुवात होण्याआधी. जत्रेच्या दुपारी पटांगणातले खडे वेचून, माती उकरून, पाणी शिंपडून जागा तयार होते. हलगी कडाडू लागते. पहिल्या कुस्त्या पोरासोरांच्या, रेवड्यांवर, नारळावर किंवा थोड्या पैशांवर. हळूहळू रक्कम चढत जाते आणि शेवटची मानाची कुस्ती दिवस कलल्यावर लागते. ठरवून आणलेल्या मोठ्या जोडी सोडल्या तर बाकीच्या तिथेच लागतात. लंगोट कसलेला मल्ल हात वर करून कडेने फेरी मारतो, कोणी पुढे येऊन त्याचा हात धरतो, पंच दोघांना शेजारी उभे करून वय आणि अंगलट पाहतात आणि गर्दी आपले मत ओरडून सांगते. पंच बहुधा त्याच भागातले जुने पैलवान. हात मिळाले की जोड लागली. मग शड्डू, सलामी आणि खडाखडी.

या जागी खरा निर्णय पैलवानाचा नसतो, वस्तादाचा असतो. पठ्ठ्याची किती मेहनत झाली आहे, दम कुठवर पुरेल, मागच्या फडात गुडघा दुखावला होता का, याचा हिशेब वस्तादाकडे असतो. तो “आज याच्याशी नको” म्हणाला तर पठ्ठा मुकाट मागे सरतो आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. कुस्तीतला आत्मविश्वास हा असा दुसऱ्याने मोजून दिलेला असतो. नुसत्या जोशात हात धरणारे पोर दोन मिनिटांत चीत होते आणि गावाला वर्षभर पुरेल एवढी चेष्टा मागे ठेवून जाते. याउलट पैसे वाटून घेऊन खेळलेली नूरा कुस्ती जाणता प्रेक्षक लगेच ओळखतो. दोघे नुसते घुमत राहिले, की इनाम देऊ नका म्हणून गलका सुरू होतो.

मातीवर कमावलेला हा विश्वास मातीबाहेर किती चालतो, याचे उत्तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी दिले. 15 जानेवारी 1926 चा त्यांचा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. तिथे खाशाबांची गाठ पहिल्यांदा गादीशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांशी पडली. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते, गादीवर वेळ आणि गुण बोलतात. तरीही ते फ्लायवेट गटात सहावे आले. परतल्यावर त्यांनी चार वर्षे मेहनत केली, वजनाचा गट बदलला आणि 1952 मध्ये हेलसिंकीची तयारी केली. जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, बाकीचे वर्गणीतून जमले. बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत हरल्यावर नियमाप्रमाणे मिळायची विश्रांती मिळाली नाही. तिचा आग्रह धरायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागून कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला 1996 उजाडले. मल्लाची तयारी पुरी होती, कमी पडली ती त्याला पाठवणाऱ्यांची.

त्यानंतरचा इतिहास हा माती आणि गादी यांची सांगड घालण्याचा आहे. 1953 मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि 1961 पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. पुढे या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग होऊन दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येऊ लागले. विजेत्याला मिळते चांदीची गदा, म्हणजे मारुतीचेच आयुध.

शहापूर-मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीची धार ओलांडली की अकोले तालुका लागतो. तिथल्या कोंभाळणे गावच्या हर्षवर्धन सदगीरने जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत ही गदा जिंकली. अंतिम लढतीत त्याच्यासमोर लातूरचा शैलेश शेळके होता आणि दोघेही पुण्याला काका पवारांच्याच तालमीत घडलेले. एकमेकांचा डाव सुरू होण्याआधीच ओळखणाऱ्या दोन मल्लांची ती कुस्ती 3-2 अशी सुटली. निकाल लागताच हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवले.

बंद उंबराही उशिरा का होईना उघडला. 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली आणि अंतिम फेरीत तिच्यापुढे होती ठाणे जिल्ह्यातली, कल्याणची वैष्णवी पाटील. मुरबाडहून कल्याणला एसटीने जाता येते, त्यामुळे या तालुक्यांतल्या मुलींच्या दृष्टीने हे नाव दूरचे नाही.

गादीवर घडणाऱ्या मल्लाच्या दिवसात आता वजनाचा काटा, प्रथिनांचे मोजमाप, फिजिओ आणि लढतींच्या चित्रफिती आल्या आहेत. पोलीस, रेल्वे किंवा लष्करातली नोकरी मिळेपर्यंत मात्र खुराकाचा खर्च घरच्यांना किंवा त्यालाच उचलावा लागतो. हा खर्च निघण्याची एक जुनी वाट अजून चालू आहे: स्पर्धांचा हंगाम सरला, की गादीवरचे मल्लही लंगोट कसून जत्रांच्या मातीत उतरतात आणि तिथल्या इनामातून पुढच्या पावसाळ्यातल्या मेहनतीचे दूध-बदाम भागवतात.