बिनतारी पडदा : सोय आणि सावधगिरी

संगणक, मॉनिटर व प्रिंटर यांच्यातील तारांचे जंजाळ दूर करण्यासाठी २००५मध्ये ‘वायरलेस यूएसबी’चे मानक जाहीर झाले. तीन मीटरपर्यंत सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाचे उद्दिष्ट असूनही ते बाजारात रुजले नाही. त्यानंतरचे ‘वायगिग’ ६० गिगाहर्ट्झ लहरी वापरते. त्याचा वेग गिगाबिटमध्ये मोजला जातो. पण या लहरी भिंतीपाशी अडतात. २०१२मध्ये आलेले ‘मिराकास्ट’ वाय-फायच्या लहरींवर, राउटरविना, संगणकाचे दृश्य थेट पडद्यावर नेते. या लहरी भिंत ओलांडत असल्याने शेजारच्या दालनातील मॉनिटरही यादीत दिसतो. चुकीची निवड झाल्यास गोपनीय कागद भलत्यांसमोर झळकू शकतो. म्हणूनच सामायिक मॉनिटरवर, पडद्यावर दिसणारा पिन टाकल्याशिवाय जोडणी होणार नाही, अशी व्यवस्था असणे आवश्यक ठरते.