स्वित्झर्लंडच्या खिडकीतली वेल आणि गोव्याची मोनिका



गेल्या वर्षी धाकट्या जावेने स्वित्झर्लंडच्या सहलीचे फोटो पाठवले. बर्फाचे डोंगर होतेच, पण माझी नजर अडकली ती लाकडी घरांच्या खिडक्यांवर. प्रत्येक खिडकीखाली लांबट कुंडी आणि त्यातून लाल-गुलाबी फुलांचे घोस खाली लोंबत होते. "ताई, हे इथलं खास फूल दिसतंय," असे तिने खाली लिहिले होते. मलाही तसेच वाटले. नर्सरीत चौकशी केली तेव्हा कळले की हे आयव्ही जिरेनियम, म्हणजे आयव्हीच्या वेलीसारख्या पानांचे, लोंबणारे जिरेनियम. रोप आणले, टांगत्या कुंडीत लावले आणि त्याचा इतिहास शोधायला बसले. मी कॉमर्सची. जमा बाजू पाहिली की नावे बाजू पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिलीच गोष्ट अशी की हे फूल स्वित्झर्लंडचे नाही, युरोपचेही नाही. ही वेल दक्षिण आफ्रिकेची. तिथल्या केप भागात किनाऱ्यालगतच्या झुडपांवर ती आधार घेत चढते. पाने मांसल, मेणचट, थोडी आपल्या पानओव्यासारखी जाड. त्यांत पाणी साठवून ती कोरडे दिवस काढते. देठ पानाच्या कडेला न लागता मागच्या बाजूने, आत लागतो. ढालीला मागून मूठ असते तसा. म्हणून शास्त्रीय नावात 'पेल्टॅटम', ढालीसारखे, असा शब्द आला. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली तिला जिरेनियमच्या कुळात घातले. १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए याने या आफ्रिकन वनस्पतींना वेगळे काढून पेलार्गोनियम म्हटले. ग्रीक भाषेत 'गेरानोस' म्हणजे क्रौंच आणि 'पेलार्गोस' म्हणजे करकोचा. बीजाची शेंग पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते म्हणून ही नावे. शास्त्रज्ञांनी नाव बदलले तरी बाजारात जुनेच चालू राहिले. माहेरचे नाव सासरी बदलले तरी आई जुन्याच नावाने हाक मारते, तसेच हे.

आता ती युरोपात कशी गेली ते पाहू. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. मसाल्यासाठी तिची जहाजे पूर्वेकडे येत. कोकणात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत. ही तीच कंपनी. इतक्या लांबच्या प्रवासात खलाशांना ताजी भाजी आणि गोडे पाणी मिळावे म्हणून १६५२ मध्ये कंपनीने केपला ठाणे वसवले आणि तिथे मोठी बाग केली. त्या बागेतून आणि आसपासच्या रानातून नवनवी झाडे हॉलंडला जाऊ लागली. आपली लोंबती वेल १७०० साली गेली आणि ती पाठवली केपच्या गव्हर्नरने, विलेम अद्रियान व्हान डेर स्टेल याने.

या विलेमचे चरित्र वाचताना मी थबकले. त्याचा बाप सिमोन हा त्याच्याआधी केपचा गव्हर्नर होता. स्टेलेनबॉश हे गाव सिमोनच्याच नावाचे. सिमोनची आई मारिया, आणि मारियाची आई एक भारतीय बाई होती. ती आधी गुलाम होती, पुढे मुक्त झाली. कागदोपत्री तिची ओळख 'गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका' अशी येते. म्हणजे ज्याने ही वेल युरोपला धाडली, त्याची पणजी आपल्या शेजारच्या गोव्याच्या किनाऱ्याची!

वाचून आधी आनंदच झाला. आपल्याकडच्या एका बाईचा पणतू गव्हर्नर झाला, याचे कौतुक वाटले. पण पुढची पाने वाचली आणि मन खट्टू झाले.

विलेमने १७०० मध्येच 'व्हेरखेलेखेन' नावाचा मोठा मळा मिळवला. तिथे द्राक्षे, गहू, गुरे, सगळे होते. पगार कंपनीचा, पण मळ्यावर राबायला कंपनीचीच माणसे आणि कंपनीचेच गुलाम, अशी तक्रार तिथल्या स्वतंत्र शेतकऱ्यांनी केली. मालकाच्या पैशाने स्वतःचे दुकान चालवणे म्हणतात ते हेच. शिवाय त्याने आणि त्याच्या माणसांनी मांस आणि दारूचा व्यापार आपल्याच मुठीत ठेवला होता. आदाम टास नावाच्या शेतकऱ्याने पुढाकार घेतला, तर विलेमने १७०६ मध्ये त्याला तुरुंगात घातले. तरी अर्ज हॉलंडला पोहोचला. १७०७ साली कंपनीने गव्हर्नरला पदावरून काढले आणि मळ्याचे तुकडे करून विकले. तिथली कापराची जुनी झाडे मात्र आजही उभी आहेत.

न्याय झाला, असे वाटते ना? मलाही वाटले. पण वहीची दुसरी बाजू पाहा. तक्रार करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांच्या घरीही गुलाम होतेच. त्यांचा राग होता तो बाजार बुडाल्याचा. केपच्या त्या गुलामांत मलबार, कोरोमंडल आणि बंगालची माणसे होती. त्यांचे खरे नाव पुसून एखादे परके नाव द्यायचे आणि पुढे 'बंगालची', 'मलबारचा' एवढेच लिहायचे, अशी रीत होती. मोनिकाचे नावही तसेच दिसते. तिच्या आईवडिलांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल? आणि जिची पणजी गुलामीतून सुटली, त्या घरचा मुलगा गुलामांच्या श्रमावर मळा फुलवतो, हे कसे झाले असेल? तीन पिढ्यांत घर सोसलेले विसरते. आपल्याही घरांत हे होत असते, म्हणून नातवंडांना पणजीची गोष्ट सांगत राहावी असे मला वाटते.

वेलीचा प्रवास मात्र पुढे चालू राहिला. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला, काचघरे स्वस्त झाली आणि जिरेनियम सामान्य घरांत शिरले. थंडीत हिम पडले की ही वेल मरते. म्हणून आल्प्सच्या भागात लोक तिला हिवाळ्यात आत ठेवतात आणि मे महिन्याच्या मध्यावर, हिमाची भीती गेली की खिडकीत आणतात.

आपल्याकडे नेमके उलटे. आपला धोका पावसाचा आणि कडक उन्हाचा. माझ्या अनुभवाचे चार शब्द सांगते. काथ्याचे अस्तर असलेली १० ते १२ इंचांची टांगती कुंडी घ्यावी. मातीत कोकोपीट, कुजलेले शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळावी. सकाळचे चार-पाच तास ऊन पुरते. बोट मातीत घालून पाहावे, वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, त्यात डासांच्या अळ्या होतात आणि नको ती हिंसा घडते. सुकलेली फुले देठासह खुडावीत. चातुर्मासात मी कुंडी छपराखालून हलवत नाही.

आणखी एक. पानांच्या मागे खपल्यांसारखे खरखरीत फोड दिसले तर कीड समजून औषध फवारू नका. बहुतेकदा ते जास्त पाण्यामुळे येतात. मुळांनी ओढलेले पाणी पानांना बाहेर टाकता येत नाही, मग आतल्या पेशी फुटतात. तिथे मारण्यासारखा जीवच नसतो. पाणी कमी केले की नवी पाने स्वच्छ येतात. मी हे एक रोप गमावून शिकले.

दिवाळीनंतर फांद्या छाटते, तेव्हा तीन-चार इंचांचे तुकडे, खालची पाने काढून, काही तास सावलीत सुकवून ओलसर वाळूत खोचते. बहुतेक जगतात. मंदिरातून येता-जाता कोणाला हवे असेल तर घरी या. जावेसाठी एक कुंडी बाजूला ठेवली आहे. नर्सरीची चिठ्ठी केव्हाच गळून पडली, म्हणून तिच्यावर मी स्वतःच नाव लिहिले आहे: मोनिका.