ट्वेंटी फाइव्ह ओ’क्लॉक

‘द ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटॉस्फिअर’ या कल्पित वाद्यवृंदाच्या नावावर १ एप्रिल १९८५ रोजी व्हर्जिन रेकॉर्ड्स या ब्रिटिश कंपनीने प्रसिद्ध केलेली सहा गीतांची ध्वनिमुद्रिका. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील स्विंडन येथील ‘एक्सटीसी’ या संघाचीच ही निर्मिती होय. तथापि वेष्टनावर त्या संघाचा नामोल्लेख कोठेही नव्हता, आणि १९६७-६८ च्या सुमारास होऊन गेलेल्या एका विस्मृत संघाचे हे संगीत आहे, असा बहाणा आरंभी कसोशीने सांभाळला गेला.

या बनावाचा सूत्रधार अँडी पार्ट्रिज (१९५३– ) हा एक्सटीसीचा प्रमुख गीतकार व गायक होता. सुबक चाल, धारदार गिटार आणि गुंफलेले सहगायन यांवर उभ्या असलेल्या ‘पॉवर पॉप’ या प्रकारात त्याची गणना होते. मार्च १९८२ मध्ये पॅरिस येथे कार्यक्रम नुकताच सुरू झाला असता तो रंगमंच सोडून निघून गेला. त्यानंतर लवकरच संघाने दौरे कायमचे बंद केले आणि पार्ट्रिज स्विंडनमध्ये राहून केवळ ध्वनिमुद्रणापुरता उरला. लोकांसमोर उभे राहण्याचे ज्याला भय वाटे, त्याला दुसऱ्याच्या नावाआड आणि गतकालाच्या आश्रयाने किती मोकळेपणाने गाता आले, हे या मुद्रिकेत जितके स्पष्ट ऐकू येते तितके त्याच्या अन्य रचनांत क्वचितच येते.

१९८४ च्या अखेरीस एका गायिकेच्या अल्बमचे काम पार्ट्रिज आणि निर्माता जॉन लेकी या दोघांच्याही हातून गेले, तेव्हा रिकामा पडलेला काळ सत्कारणी लावण्याची तजवीज म्हणून पार्ट्रिजने कल्पित संघाच्या मुद्रिकेचा हा जुना मनसुबा पुढे काढला. कंपनीने पाच हजार पौंडांची माफक रक्कम मंजूर केली आणि डिसेंबरात हेरफर्ड येथील चॅपल लेन स्टुडिओत सुमारे दोन आठवड्यांत सारे काम उरकले. लेकीची उमेदवारी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत झालेली असल्यामुळे त्या जुन्या ध्वनिमुद्रणपद्धतीची नस त्याला नेमकी ठाऊक होती. महाराष्ट्रीय वाचकांना येथे एक धागा ओळखीचा वाटेल: लेकी हा, ज्यांचा पुण्याच्या कोरेगाव पार्कातील आश्रम सुविख्यात आहे त्या रजनीशांचा अनुयायी होता आणि या मुद्रिकेच्या श्रेयनामावलीत त्याचे संन्यासनामही दाखल झालेले आहे.

कामासाठी तीन नियम मुकर्रर केले होते: गीते १९६७-६८ च्या सायकेडेलिक (भ्रमावस्थेचा आभास देणाऱ्या) वळणाची असावीत, कोणतेही वादन दोनदाहून अधिक मुद्रित करू नये, आणि शक्य तेथवर त्या काळातीलच वाद्ये व यंत्रे वापरावीत. एक्सटीसीच्या वादकांनीही नावे पालटली. पार्ट्रिज ‘सर जॉन जॉन्स’ झाला, कॉलिन मोल्डिंग ‘द रेड कर्टन’, डेव्ह ग्रेगरी ‘लॉर्ड कॉर्नेलियस प्लम’, आणि ढोलवादनासाठी बोलावलेला डेव्हचा भाऊ इअन ‘ई. आय. ई. आय. ओवेन’. मेलोट्रॉन या कळवाद्याचे कंपित स्वर, उलट फिरविलेल्या फिती, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे धावणारे आवाज, अशी त्या युगाची सर्व सामग्री येथे हजर आहे. शीर्षकगीतावर अमेरिकन ‘इलेक्ट्रिक प्रून्स’ यांची, तर ‘द मोल फ्रॉम द मिनिस्ट्री’ या अखेरच्या गीतावर बीटल्सची छाया उघड दिसते. असे असूनही या मुद्रिकेस विडंबन म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. कारण विडंबनकार मूळ कृतीपासून अंतर राखून तिच्या लकबी तेवढ्या उचलतो, येथे मात्र बालपणी ऐकलेल्या संगीतावरील निस्सीम प्रेमापोटी त्या लकबींत नव्या आणि स्वतंत्रपणे टिकणाऱ्या चाली ओतलेल्या आहेत, व त्यांपैकी ‘युअर गोल्ड ड्रेस’ ही तर कोणत्याही काळात उत्तमच ठरली असती.

एक्सटीसीच्या स्वनामाने निघालेल्या ‘द बिग एक्सप्रेस’ (१९८४) या अल्बमच्या सुमारे दुप्पट खप या मुद्रिकेचा इंग्लंडात झाला. पुढे १९८७ मध्ये याच कल्पित संघाच्या नावाने ‘सॉनिक सनस्पॉट’ हा दहा गीतांचा अल्बम निघाला आणि त्याच वर्षी दोन्ही कृती ‘चिप्स फ्रॉम द चॉकलेट फायरबॉल’ या एकत्रित आवृत्तीत समाविष्ट झाल्या. लेकीने पुढे ‘द स्टोन रोझेस’ या मँचेस्टरच्या संघाचा पहिला अल्बम (१९८९) निर्माण केला. पार्ट्रिजच्या स्वतःच्या ‘एप’ या संस्थेने २००९ मध्ये ही मुद्रिका पुन्हा काढली, तेव्हा वेष्टनावर ड्यूक्सच्या जोडीने एक्सटीसीचेही नाव छापले गेले.